पालथी होडी

३० डिसेंबर २०२४, सोमवार

शिरवण्यात सुखरूप दाखल झालो. टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडला. ही गल्ली टेम्पोसाठी बांधलेलीच नाही. भांडणाऱ्या दोघांपैकी एकालाही बाजूने निसटता येऊ नये, अशा बेताने बांधली असावी. त्यामुळे कपाट, गादी, पुस्तकांची खोकी आणि शेवटी मी, असे मिरवणुकीने घरी पोचलो. खोकी उचलणाऱ्याने आत लोखंड आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, संस्कृत व्याकरण आहे. मग त्याने ते पायावर पडू नये म्हणून फारच काळजी घेतली.

घर छान आहे. तळमजल्यावर दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड. खिडकी उघडली की शेजारच्या भिंतीला हात लागतो. हवा येते, पण वळसा घालून. जन्मभर गावोगाव वार्ताहरकी करून मिरजेत निवृत्त झाल्यावर एका नव्या वेबसाइटने खाडीकाठच्या गावांवर लिहायला बोलावलं, म्हणून मी इथे. खाडी मात्र घरातून दिसत नाही. मध्ये हायवे, रेल्वे आणि उंच उंच इमारती आहेत.

घरमालक प्रणय, तिशीतला, खारघरच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याने किल्ली दिली, नळ दाखवले, आणि शेडमध्ये एक वस्तू आहे ती घराबरोबर मोफत, असं सांगितलं. वस्तू म्हणजे फायबरची जुनी मोटारहोडी. टायरांवर पालथी घातलेली, बूड वर, इंजिन गोणपाटात गुंडाळून भिंतीला टांगलेलं. त्याच्या वडिलांची, गोटीरामांची. हवं ते करा म्हणाला. तिच्याकडे बघून मात्र म्हणाला नाही.

होडीजवळ प्रणयचा चुलता धर्मा बसला होता. शेजारीच राहतो. भर दुपारी, पुढ्यात सोललेला नारळ, आणि होडीच्या बुडाला एक भोक आहे त्यात आपली दोन बोटं घालून. मी ओळख वाढवावी म्हणून म्हटलं, गळती पाण्यात असताना थांबवायची असते. म्हातारा हसला नाही. बऱ्याच वेळाने स्वतःशीच ‘सुकती लागली’ म्हणाला, म्हणजे ओहोटी सुरू झाली. मग नारळाचं पाणी भोकात ओतलं, बोटं पंचाला पुसली आणि गेला. आज अमावस्या, तेव्हा होडीची पूजा असावी. लेखाला विषय मिळाला. पहिल्याच दिवशी!

२ जानेवारी २०२५, गुरुवार

योगिनीशी फोनवर पैज लागली. तिचं म्हणणं, लग्न झाल्यापासून मी आरंभलेली एकही गोष्ट पुरी केलेली नाही. टीकाग्रंथ नाही, बाग नाही, पोहायला शिकणंही नाही. होडी दुरुस्त करतो म्हटल्यावर ती इतकी हसली की पोस्टातल्या तिच्या काउंटरची रांग थांबली असणार. शेवटी ठरलं ते असं. अमावस्येला, एकोणतीस तारखेला, ती रजा घेऊन येणार. तोवर होडी तरंगण्याजोगी झाली, तर ती स्वेच्छानिवृत्ती घेऊन इथे राहायला येईल. नाही झाली, तर मी मुकाट्याने मिरजेला परत.

इतकी वर्षं माझ्या बदल्या, तिच्या बदल्या, यात आम्ही एका छपराखाली सलग फार थोडे राहिलो आहोत. तेव्हा पैज थट्टेची असली तरी मी थट्टेत घेतलेली नाही.

५ जानेवारी, रविवार

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन आलो. तिथे सनी नावाच्या तरुणाचा फायबरचा कारखाना आहे. बागेतल्या घसरगुंड्या, पाण्याच्या टाक्या, कचराकुंडीचे पेंग्विन आणि ऑर्डर आली तर देव, सगळं एकाच रेझिनमधून. अद्वैताचं इतकं स्वस्त प्रात्यक्षिक मी आजवर पाहिलं नव्हतं.

सनीने मला शिकवलं. जुना रंग घासून काढायचा, भोकाच्या कडा उतरत्या करायच्या, आतून पुठ्ठा लावायचा, मग काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन, थरावर थर. दर थरावर रोलर दाबून फिरवायचा, आत हवा राहता कामा नये. हवा राहिली की काम फसलं. ‘काका, टेन्शन नका घेऊ,’ म्हणाला, ‘होडी म्हणजे उलटी ठेवलेली टाकीच. टाकी बनते तर होडीपण बनते.’

रेझिन, हार्डनर, मॅट आणि मास्क घेऊन रिक्षाने परत आलो. रिक्षावाल्याने वासामुळे दोनदा मागे वळून पाहिलं.

९ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस घासतो आहे. धूळ अंगाला खाजते, मास्कमध्ये स्वतःचाच श्वास परत घ्यावा लागतो. पण निळ्या रंगाखालून मूळचं फायबर निघालं ते सुंदर आहे, मधाच्या रंगाचं, किंचित हिरवं. पातळ मात्र आहे. आज टायरांमधून सरपटत खाली शिरलो, तर आत अंधार नाहीच! छपरातल्या पारदर्शक पत्र्यातलं ऊन होडीच्या अंगातून झिरपतं. दोन आडव्या फळ्या, बसायच्या, आता डोक्यावर आलेल्या. त्यांच्या खाली उताणा पडलो. सबंध उजेड मधाचा आणि मध्ये भोकातून पडलेला पांढरा कवडसा. माशाच्या पोटात वाचनालय काढलं तर असं दिसेल.

भोक कारखान्यात पाडलेलं नाही. कडा वेड्यावाकड्या, कुणीतरी ठोकून ठोकून पाडलेलं. पण स्पर्शाला मऊ. वर्षानुवर्षं तेल लावलेलं.

धर्माकाकांना विचारलं, हे बुजवू ना. ते दारात जाळं विणत बसले होते. म्हणाले, रंग दे, फळ्या बदल, पन त्याला हात नको लावू, मास्तर. मी मास्तर नाही, वार्ताहर होतो, हे त्यांना रोज सांगतो. चष्मा आणि झोळी म्हणजे मास्तर, हा त्यांचा सिद्धांत. का नको, ते मात्र सांगेनात. होडीला भोक असेल तर होडी तरंगणार कशी, यावर म्हणाले, तरंगवायची हाय कोनाला.

मला आहे ना. एवढंच तर आहे.

१२ जानेवारी, रविवार

भोक बुजवलं.

धर्माकाका परवा उरणजवळ करंजाला लेकीकडे गेले. परत कधी येणार ते सांगून गेले नाहीत, फोन वापरत नाहीत. मी प्रणयला फोन लावला. तो म्हणाला की बुजवून टाका. काका दर अमावस्येला तिथे बोटं घालून बसतात, लोक हसतात, किती वर्षं चालायचं हे. मी आलो तर बघवत नाही म्हणाला. त्याला कशाचं दुःख आहे ते मी विचारायला हवं होतं. जन्मभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं, आणि नेमका आज मला हवं ते उत्तर मिळाल्याबरोबर फोन ठेवला.

काम उत्तम झालं. आतून पुठ्ठा म्हणून घरात सापडलेली एक जाडजूड लग्नपत्रिका चिकटवली. वधूवरांनी क्षमा करावी. वरून मॅटचे तुकडे, लहानावर मोठा, दर थराला रेझिन आणि रोलर. एकूण एक बुडबुडा दाबून बाहेर काढला. शेवटचा बुडबुडा जरा हट्टी होता. रोलर उचलला की परत वर यायचा, तिथेच, मधोमध. अंगठ्याने दाबून धरला, रेझिन घट्ट होईपर्यंत.

योगिनीला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

१३ जानेवारी, सोमवार

आज पौर्णिमा. दुपारी शेडमध्ये गेलो तर होडीखालची फरशी ओली. नळ लांब, छप्पर कोरडं, आणि होडीच्या काठाबरोबर आखल्यासारखी ओल. बोट लावून चाखलं. खारट. हे गाव पूर्वीचं खाजणाचं, भरतीला जमीन घाम टाकत असेल. पंचांगाप्रमाणे भरती दुपारचीच होती, तेव्हा माझं भूगर्भशास्त्र बरोबर.

बुजवलेल्या जागेतून टकटक ऐकू आली. सनीला फोन केला. तो म्हणाला, रेझिन वाळताना तापतं, कुरकुरतं, घाबरू नका. मी घाबरलो नव्हतो. पण त्याने नका म्हटल्यावर जरा.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. गल्लीत तिळगूळ वाटला. लोकांनी गोड हसून घेतला, पण शेडमध्ये काय चाललंय ते पाहायला एकही माणूस आला नाही. गावात असं होत नाही. गावात लोक स्वयंपाकघरातल्या डब्यातसुद्धा डोकावतात.

आज भरतीच्या सुमारास पुन्हा टकटक. मी गंमत म्हणून होडीवर बोटाच्या पेराने टकटक केली.

थांबली. मग नेमकी तशीच आली. माझ्याच लयीत.

उंदीर असेल. टायरांमध्ये उंदीर असतात. उंदराला लय असते की नाही, यावर कुणाचं भाष्य माझ्या वाचनात नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

रेझिनचा रिकामा डबा मी होडीखाली सरकवून ठेवला होता. आज बाहेर निघेना. होडीची कड डब्यावर टेकली आहे. टायर तसेच आहेत, फुगलेले, माझ्या हाताने चाचपले. पण ज्या फटीतून मी सरपटत आत गेलो होतो, तिच्यातून आता केरसुणी कशीबशी जाते.

जमीन खचली असेल. मग टायरही खचायला हवेत.

पुढच्या खोलीची खिडकी उघडत नाही. रंगाने चिकटली असावी. मी रंग लावलेला नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

चार दिवस सगळं शांत. भांग चालू आहे, म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती. फरशी कोरडी, टकटक नाही, फट पुन्हा पूर्वीइतकी मोठी. डबा अलगद निघाला, चेपलेला. मनुष्य एकटा राहिला की त्याला घर ऐकू येतं, हे मी स्वतःला समजावलं आणि वरून पहिला रंग दिला. पांढरा. होडी अशी दिसते आहे की योगिनी हरलीच.

फक्त श्वासाचं काही खरं नाही. घरात शिरलो की अर्धाच येतो. वरचा अर्धा कुठेतरी अडतो. डॉक्टर म्हणाले, रेझिनची वाफ, खिडक्या उघड्या ठेवा. मी म्हटलं, ठेवतो. एकही उघडत नाही हे काय सांगायचं.

बाहेर रस्त्यावर श्वास पूर्ण येतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

भरती वाढते आहे. फरशी पुन्हा ओली.

ओल वाळावी म्हणून फटीतून हात घालून होडीखाली बल्ब सोडला. पांढऱ्या रंगातूनही होडी कंदिलासारखी उजळली. बुजवलेल्या जागेपाशी आतून एक सावली होती. मला वाटलं, लग्नपत्रिका. पण पत्रिका चौकोनी आहे.

सावली पाच बोटांची. बुजवलेल्या जागेवर तळवा टेकल्यासारखी. मग ती बोटं कडेकडेने चाचपत फिरली. अंधारात माणूस दाराची कडी शोधतो तशी.

बल्ब विझला.

फट नाही राहिली. वायर कापून टाकावी लागली.

२६ जानेवारी, रविवार

गल्लीत झेंडा, लाउडस्पीकर, मुलांना जिलेबी. मी पिशवी भरून बाहेर पडलो. स्टेशनपर्यंत गेलो. पूर्ण श्वास घेतला, अगदी पोटभर. मिरजेचं तिकीट काढायचं आणि पैज हरलो म्हणून सांगायचं. योगिनी आयुष्यभर चिडवेल. चिडवू दे.

आणि तिथे उभं असताना कळलं की हा जो श्वास मी घेतोय, तेवढाच तिथे कुणालातरी हवा आहे. रोलरने दाबून दाबून मी काय बाहेर काढलं ते कळलं. अंगठ्याखालचा तो बुडबुडा.

परत आलो. जो कोणी आहे त्याला कोंडून मिरजेला जाऊन मी जेवणार काय, झोपणार काय.

ग्राइंडर लावला. एक थर निघाला, दुसरा निघाला, तिसरा. मी घातले होते त्याहून जास्त निघाले. अजून खाली थरच आहेत. ओले, ताजे, रेझिनचा वास असलेले.

प्रणयला फोन केला. हैदराबादला आहे, ट्रेनिंगला. मी काय ऐकतो ते सांगितलं. तो रडायला लागला आणि त्याने फोन ठेवला.

२७ जानेवारी, सोमवार

धर्माकाका आले. शेडच्या दारातूनच त्यांना दिसलं. ओरडले नाहीत. चपला काढल्या, खाली बसले आणि बुजवलेल्या जागेवरून हात फिरवत राहिले, आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावा तसा.

मग त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

ही होडी गोटीराम चालवायचा, खाडीत लोकांना फिरवायला. एका अमावस्येला दोघे भाऊ जाळं सोडवायला गेले होते. खारफुटीजवळ चिखलात होडी उलटली. धर्माकाका बाहेर फेकले गेले, गोटीराम खाली सापडला, वर होडी. फायबरची होडी बुडत नाही. तिच्या पोटात हवा राहते. गोटीराम आत जिवंत होता, आतून टकटक करत होता. पण कडा चिखलात रुतल्या आणि चिखलाने होडी धरून ठेवली. एकट्या माणसाला उचलेना. हाका मारल्या, कुणी नाही. आतली हवा सरत चालली, गोटीरामचा आवाज बारीक झाला, तेव्हा धर्माकाकांनी नांगराच्या लोखंडाने ठोकून ठोकून बुडाला भोक पाडलं. त्यातून आत हवा गेली आणि गोटीरामची दोन बोटं वर आली. मग भरती लागली.

पुढचं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

‘मी बोटं धरून बसलू. पानी वर आला तवापरत. मंग त्यानंच सोरली.’

माणूस मिळाला, अंत्यविधी झाले. पण होडी घरी आणल्यापासून उधाणाच्या भरतीला आत टकटक व्हायची. ज्या अमावस्येला काकांनी भोकात बोटं घातली, त्या दिवशी थांबली. आतून कुणीतरी हळूच धरतं, ओहोटी लागली की सोडतं. त्यांनी हे कुणाला पटवून दिलं नाही. फक्त बसत राहिले.

मी म्हटलं, मला आधी सांगायला हवं होतंत. ते म्हणाले, ‘त्यो भोक नाय, मास्तर. त्याचा दार हाय. दार बुजवू नको, हे बी सांगाया लागतं काय?’



छिन्नी आणून दोघांनी दिवसभर ठोकलं. छिन्नी बोथट झाली.

२८ जानेवारी, मंगळवार

सनी चार माणसं घेऊन आला. होडी उलथायची, आतून बघायचं. ही होडी चौघांत सहज उचलते, त्याने आल्या आल्या सांगितलं. हलली नाही. एक पोरगा हसून म्हणाला, काका, आत सिमेंट भरलंय का. पुन्हा जोर लावला. कड फरशीवरून सुटताना चिखलातून पाय काढल्यासारखा आवाज आला आणि होडी परत बसली. कोरड्या फरशीवर.

मग कोणी हसलं नाही. सनी उद्या चेनपुली घेऊन येतो म्हणाला. येईल असं वाटत नाही.

काका म्हणाले, उद्या अमावस्या. दुपारच्या भरतीला तो दाराशी येईल. तो आतून जोर लावील, मी भाईरून. दोन्हीकडून जोर लागला की उघरंल. तवर तू आत जाऊ नको. हे दोनदा म्हणाले.

योगिनीला येऊ नको म्हणून सांगितलं. ती म्हणाली, हरलात ना, म्हणून. बसचं तिकीट काढून झालं आहे. उद्या दुपारपर्यंत पोचते.

श्वास घेताना आवाज येतो आता. माझाच.

२९ जानेवारी, बुधवार. सकाळ

फट उघडली आहे. टायरांवर होडी पहिल्या दिवशीसारखी, ऐसपैस. आत उजेड, मधासारखा.

काका नारळ आणायला गेले आहेत. योगिनी बसमध्ये.

लग्नपत्रिका आतल्या बाजूला आहे. ती सोलून काढली तर आतून थर पातळ असणार, सनीने सांगितलं होतं. दोन मिनिटांचं काम. छिन्नी, हातोडी. ती यायच्या आत दार उघडलं तर तिला यातलं काहीच कळायला नको, होडीत भोक राहिलं म्हणून पैज हरलो एवढंच. मी हरायला तयार आहे. 

फक्त डोकं आणि हात आत घालणार. ही वही खिशात, पेन्सिल कानावर. फोन स्टुलावर ठेवतो, धूळ नको.

आत

फक्त हात घालून पोचत नव्हतं. थोडा सरकलो. अजून थोडा.

होडी टेकली.

आवाज झाला नाही. मांजर बसतं तशी बसली. चहूबाजूंनी कड फरशीला. फळी माझ्या छातीवर. हातोडी बाहेर राहिली. छिन्नी पायाकडे कुठेतरी.

उजेड आहे. लिहिता येतं. लिहितोय तोवर ठीक —

हाका मारल्या. फळीमुळे श्वास पुरत नाही. हाक घशातच. पेन्सिलीने ठोकतोय. टकटक.

फोन वाजतोय. स्टुलावर. तिचाच, तिला वेगळी घंटी आहे. वाजून थांबला. पुन्हा.

पाठ ओली झाली. गार आहे. खारट —

पत्रिका दिसते. हात पोचत नाही. माझ्या डोक्यापासून हातभर पलीकडे. फळी सोडत नाही.

पत्रिकेचं एक टोक सुटलं. मी नाही ओढलं.

टोक हळूहळू सोललं जातंय. निगुतीने. ओल्या बोटांचे ठसे.

माझ्याशिवाय कुणीतरी श्वास धरून आहे इथे. माझ्या उजव्या खांद्याशी. मला लागत नाही तो. वास चिखलाचा. मी तिकडे बघणार नाही. त्यालाही बाहेरच जायचंय. त्यालाही एवढंच —

पाणी कानाशी. वही वर धरली आहे, छातीवर, फळीला टेकवून.

आवाज. योगिनी. गल्लीतून बोलतच येते नेहमी. होडी पाहून हसली. अहो, झाली की हो म्हणाली. अहो कुठे आहात.

टकटक. टकटक.

काकांचा आवाज. धावत. ती किंचाळली नाही. ती कधीच किंचाळत नाही. विचारतेय कुठे ठोकू, काका, कुठे

ठोकतायत. दोघं. बाहेरून. आतूनही कुणी ठोकतंय. फायबर तडकलं —

उघडलं!

पांढरा कवडसा. हवा. आली, अगदी वरून आली. योगिनीचा चेहरा क्षणभर. मग सावली.

तिने बोटं आत घातली. धरा म्हणतेय. अहो, धरा.

हात पोचत नाही

पाणी हनुवटीशी

ती म्हणतेय, ‘धरलंत. धरलंय मी. आता सोडणार नाही.’ रडतेय, हसतेय. काकांना सांगतेय, धरलंय, बोटं हातात आहेत, गार आहेत पण धरलंय. तिला वाटतंय वेळ आहे. तिला वाटतंय मी

डावा हात वहीखाली आहे. उजव्यात पेन्सिल.

योगिनी ती माझी नाहीत सोड ती माझी ना